अंगारकी, नऊ पस्तीस

१

"पानावर बसलीस की जिभेला कुलूप घाल, चांगुणा. आन् मानसाचा आवाज कानावर पडला, मंग तो कुनाचाबी असू दे, की हातातला घास ताटात ठिवायचा आन् उठायचं. मागं बघायचं न्हाई, हळहळायचं न्हाई."

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी चातुर्मास लागला की त्यांचा हा आवाज चांगुणाबाईंच्या ताटाशेजारी येऊन बसायचा. नेम त्यांनीच दिलेला. दिवसभर पाण्यावर राहायचं, दिवेलागणीला देवापुढं वात लावायची आणि मग एकदाच, मुक्यानं जेवायचं.

त्या बुधवारीही चांगुणाबाईंनी ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, बाजरीच्या भाकरीचा कोर मोडला. बाहेर भुरभुर सुरू होती. घरात अगदी शांत होतं. दोन घास पोटात गेले, तिसरा आमटीत बुडवला, आणि बाहेरच्या खोलीतून मुलाचा, हर्षलचा आवाज आला.

"मेला! पार मेला हा! अश्विनी, कुणी हात लावला ह्याला?"

चांगुणाबाईंनी घास ताटात ठेवला आणि उठल्या. हळहळल्या नाहीत. पण हात धुताना त्यांना नवल वाटलं. गेला महिनाभर असं कधी घडलं नव्हतं. ताटावर बसलं की घर कसं आपोआप गप्प व्हायचं. मग आजच काय झालं?

२

मेला होता तो साउंडबार.

हातभराहून लांब, काळा, पाटासारखा चपटा डबा. टीव्हीपुढं आडवा ठेवलेला. घेतला होता तो आप्पासाहेबांसाठी, चांगुणाबाईंच्या मालकांसाठी. दोनएक वर्षांपासून त्यांचे कान गेले होते. कानातलं यंत्र म्हटलं की ते उठून गोठ्यात जायचे. बातम्या लागल्या की, "ही टीव्हीवाली मानसं तोंडातल्या तोंडात का बोलत्यात?" म्हणून सगळ्या घरावर करवादायचे. शेवटी आषाढात हर्षलनं हा डबा आणला आणि बिल बापाच्या नावावर केलं. "आप्पा, आता कोल्हारच्या पुलावरनंसुद्धा ऐकू येईल," तो म्हणाला. ते काही खोटं नव्हतं.

टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद करून सगळा आवाज डब्याकडं वळवला होता. पण चौथ्याच दिवशी डब्याला खोड लागली. रोज संध्याकाळी सात-सव्वासातला तो गपकन बंद पडायचा. टीव्हीवर चित्र चालू, माणसं तोंडं हलवतायत, आवाज नाही. वीस-पंचवीस मिनिटं रिमोट दाबून हर्षलचा अंगठा दुखायचा. मग डबा पुन्हा धडधाकट.

दुरुस्तीला श्रीरामपूरच्या सर्व्हिस सेंटरचा अमजद यायचा. गावातल्याच अब्दुलभाई रेडिओवाल्यांचा मुलगा, शांत आणि हाताचा साफ. पण यायचा दिवसा, आणि दिवसा डब्याला काही होत नव्हतं. त्यानं वायर बदलली, रिमोटचे सेल बदलले, डबा पुसून पहिल्यापासून लावून दिला. दुसऱ्या दिवशी सात वाजले की पुन्हा तेच.

"आता एकच राहिलं," अमजद म्हणाला होता. "फर्मवेअर अपडेट करायचं."

म्हणून तो बुधवारी मुद्दाम संध्याकाळी आला. पेनड्राइव्ह लावला, डब्यावर आकडे पळायला लागले. त्यानं हर्षल आणि त्याची बायको अश्विनी, दोघांना बजावलं, "वीस मिनिटं कुणी बटन दाबायचं नाही. वीज गेली तर डबा कायमचा जाईल." ओसरीवर बाजेवर बसलेल्या आप्पांनाही त्यानं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग मगरिबची वेळ झाली म्हणून अमजद स्टँडजवळच्या मशिदीत नमाजाला गेला.

परत आला तेव्हा हर्षल कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काम अर्ध्यात टाकून जातोस? वीस मिनिटं थांबायला काय झालं होतं तुला?"

"हर्षलभाऊ, अपडेट चालू असताना माणसानं नुसतं बघतच बसायचं असतं. मी बसलो काय आणि—"

"मग बसायचं होतंस! आता कंपनीलाच सांग काय ते." हर्षलनं तिथल्या तिथं मोबाईलवर तक्रार टाकली. कारागीर काम सोडून निघून गेला, त्याच्या हलगर्जीनं वस्तू निकामी झाली.

अमजदनं वाद घातला नाही. खाली बसला, डबा उलटा केला, पाचेक मिनिटं काहीबाही दाबून पाहिलं. उठताना दाराशी उभ्या चांगुणाबाईंकडं त्याचं लक्ष गेलं. तो हळूच म्हणाला,

"काकी, हा बंद पडलेला नाही. हा कुणीतरी बंद केलाय."

३

गुरुवारी सकाळी चांगुणाबाई तुळशीच्या प्रदक्षिणा संपवून वळतात तर फाटकात अमजद उभा. खांद्यावरची कामाची पिशवी नेहमीपेक्षा हलकी दिसत होती.

"पेनड्राइव्ह राहिलाय, काकी. तेवढा घेऊन जातो."

"बस. च्या घे."

"नको. सेंटरच्या मालकांचा फोन आला सकाळी." तो जमिनीकडं बघत बोलत होता. "आज पाचपर्यंत तक्रार मागं घेतली नाही तर पिशवी अन् ओळखपत्र जमा कर म्हणाले. उद्या पोळ्याची सुट्टी. म्हणून आजच्या आज."

चांगुणाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आन् आयतची शाळा?"

"तेच तर." अमजदची लेक यंदाच श्रीरामपूरच्या शाळेत जायला लागली होती. "दुसरं काम मिळेल हो, काकी. पण हलगर्जी म्हणून काढला, हे नाव आमच्या अब्बांच्या दुकानाला कधी लागलं नव्हतं."

चांगुणाबाईंनी त्याला ओट्यावर बसवलंच. "मला अडाणीला एकदा समजून सांग. हे फर्मवेअर म्हंजी काय?"

अमजदनं डोकं खाजवलं. "डब्याच्या आत त्याला शिकवलेलं असतं, काकी. आवाज कसा काढायचा, रिमोटचं कसं ऐकायचं. अपडेट म्हणजे जुनं पुसायचं अन् नवं शिकवायचं. शिकवता शिकवता वीज तुटली तर जुनं गेलेलं असतं, अन् नवं आलेलं नसतं."

"मंतर अर्ध्यात सोडल्यावानी."

"अगदी तसंच. आता आतली पाटीच, म्हणजे सर्किट, बदलावी लागणार."

"पन काल लाईट तर गेली नव्हती. टीव्ही चालू हुता."

"टीव्ही तुमच्या इन्व्हर्टरच्या प्लगवर आहे. डबा एक्स्टेन्शन बोर्डवर. ते एक्स्टेन्शन खिडकीतून बाहेर गेलंय. हर्षलभाऊंनीच ओढलंय, ओसरीवरच्या बोर्डाला. ते बटन कुणी दाबलं तर टीव्ही चालूच राहणार, डबा तेवढा मरणार." तो जरा थांबला. "हे मी काल तुमच्याकडून निघाल्यावर वायरच्या मागं मागं बघत गेलो तेव्हा कळलं. पण मी कुणाचं नाव घेणार? सगळं घर तुमचंच. मी बाहेरचा."

चांगुणाबाईंनी ओसरीवरच्या बोर्डाकडं पाहिलं. पिवळ्या दिव्याचं बटन, आणि शेजारी आणखी एक. त्या दुसऱ्या बटनाला त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नव्हता.

"पाचच्या आत खरं काय ते मी शोधते," त्या म्हणाल्या. "तू दुपारपतुर सेंटरवर जाऊ नको."

म्हटलं खरं. पण अमजद गेल्यावर त्यांना स्वतःचंच हसू आलं. मोबाईलवर आलेला फोन उचलायला त्यांना दोनदा बोट फिरवावं लागायचं. त्या काय शोधणार?

४

त्यांनी हर्षलपासून सुरुवात केली. तो मोटारसायकल पुसत होता.

"हर्षू, काल तू कुठं हुतास रं, डबा गेला तवा?"

"आई, तुझ्याकडं अमजदनं वकिली दिलीय का?"

"विचारते आपली."

"फाटकापाशी. फोन आला होता. आत आलो तर डब्याचे सगळे दिवे गुल."

"ओसरीवरनंच आलास ना?"

"मग काय छपरावरनं येऊ?" हर्षल हसला. मग जरा ओशाळला. "तुला वाटतंय मी केलं?"

चांगुणाबाई काही बोलल्या नाहीत. गप्प माणसापुढं लोक जास्त बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"बरं, खरं सांगतो. मला वूफरवाला मोठा सेट हवा होता. हा सारखा बंद पडतोय म्हटल्यावर मी दुकानदाराला विचारलंही होतं, बदलून देतोस का म्हणून. तो म्हणाला, नादुरुस्त आहे असं सेंटरनं लिहून दिलं तर देतो. पण त्यासाठी मी अपडेट चालू असताना कशाला मारू? अपडेट होऊनही तो सुधारला नसता तर लिहून मिळालंच असतं."

त्यात तथ्य होतं. आणि नव्हतंही. चांगुणाबाईंना काही उमजेना.

अश्विनी माजघरात पुस्तकं पसरून बसली होती. बँकेची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली.

"आई, खरं सांगू का? रागवू नका."

"कवा रागावले?"

"तो डबा बंद पडला की मला बरं वाटायचं. तेवढीच वीस मिनिटं अभ्यासाला मिळायची. देवाला म्हणायचे, असाच रोज पडू दे." ती हसली, मग एकदम गंभीर झाली. "पण मी बटन नाही हो दाबलं. भुरभुर सुरू झाली म्हणून ओसरीवरचे कपडे काढत होते. दोन्ही हात कपड्यांनी भरलेले."

"ओसरीवर आनखी कोन हुतं?"

"आप्पा होते बाजेवर. दुसरं कोण असणार?"

चांगुणाबाईंचं तोंड उतरलं. कारण अश्विनी जे म्हणाली, तेच त्यासुद्धा महिनाभर करत होत्या. डबा गप्प झाला की घास हातात घेऊन मनातल्या मनात त्या भगवतीला हात जोडायच्या. आई, तू सांभाळलंस. डबा नवा आला तेव्हा पहिले तीन दिवस त्यांना अर्ध्या ताटावरून उठावं लागलं होतं. बातम्या सांगणारी बाई थेट देवघरापर्यंत बोलायची. उरलेलं ताट त्यांनी गुपचूप गायीच्या गव्हाणीत नेऊन ओतलं होतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या नेमाचा जाच पोरांना कशाला? आणि चौथ्या दिवसापासून डबा वेळेवर बंद पडू लागला होता.

म्हणजे आपल्याच मनातली इच्छा फळाला आली, आणि त्यापायी त्या पोराची भाकरी जायची वेळ आली?

"अश्विनी," त्या म्हणाल्या, "कवा कवा बंद पडला, त्याचं काही लिवून ठिवलंय का कुनी?"

"मीच ठेवलंय. कंपनीनं मागितलं होतं. हे बघा." तिनं वहीचं पान पुढं केलं. अठरा जुलैपासून एकोणीस ऑगस्टपर्यंत एकाखाली एक तारखा, पुढं वेळ. सात दहा. सात पाच. सात तेरा.

"पण आई, ह्यात काहीच नाही. कंपनीवाले पण म्हणाले, काही ताळमेळ लागत नाही."

५

चांगुणाबाईंना तारखांचं काही कळत नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य तिथीवर चाललेलं. त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून मांडीवर घेतली.

"तू तारीख वाच. मी तिथी बघते."

"अठरा जुलै, सात दहा. एकोणीस, सात बारा. वीस, सात अकरा. एकवीस जुलै, काही नाही. त्या दिवशी बंद पडलाच नाही."

चांगुणाबाईंचं बोट एकवीसवर थांबलं. "हं. म्होरं."

"पाच ऑगस्ट, काही नाही. पंधरा ऑगस्ट, काही नाही. एकोणीस, काही नाही. चारच दिवस कोरे आहेत."

"आन् ह्या बारीक अक्षरात काय लिवलंय?"

"ते होय? ती एकच वेळ विचित्र आहे. बारा ऑगस्ट. सातला व्यवस्थित चालू होता. मला वाटलं, सुटलो. अन् रात्री नऊ पस्तीसला बंद पडला. म्हणून तर कंपनीवाले चक्रावले."

चांगुणाबाईंचं बोट एकेका तिथीवर फिरत राहिलं. अश्विनीनं दोनदा "आई?" म्हणून पाहिलं.

एकवीस जुलै एकादशी. पाच ऑगस्ट एकादशी. पंधरा ऑगस्ट गोकुळाष्टमी. एकोणीसला पुन्हा एकादशी. चारही दिवस चांगुणाबाई पाण्यावर होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी ताटच मांडलं नव्हतं.

आणि बारा ऑगस्ट मंगळवार. अंगारकी चतुर्थी. त्या दिवशी चंद्र दिसेपर्यंत थांबायचं. चंद्र निघाला, ओवाळला, आरती झाली आणि त्या ताटावर बसल्या तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

त्यांनी दिनदर्शिका खाली ठेवली.

डबा वेळ पाळत नव्हता. डबा चांगुणाबाईंचं ताट पाळत होता.

६

क्षणभर त्यांना वाटलं, ही भगवतीच. दुसरं कोण असणार? मग त्यांनी स्वतःलाच दटावलं. देवीला करायचंच असतं तर तिनं एका लेकराच्या पोटावर पाय दिला नसता. आणि देवी काही ओसरीवर येऊन बटन दाबत बसत नाही.

म्हणजे माणूस. आपण ताटावर कधी बसतो, कधी उठतो, हे रोज बघणारा माणूस. चंद्राची वाट बघून थांबणारा. स्वयंपाकघराची खिडकी ओसरीवर उघडते. ओसरीवर काल तिघं होते. हर्षल येताजाता. अश्विनी कपडे काढायला. आणि—

इथं त्यांचं मन अडलं. कारण डबा ज्यांच्यासाठी आणला, तो बंद पडायचा म्हणून जेवणं झाल्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा ज्यांनी केला, "हे डबडं उकिरड्यावर टाका" म्हणून ज्यांनी तीनदा चहा सांडला, ते हे काम कशाला करतील?

चांगुणाबाई उठून पाणी प्यायल्या. मग पुन्हा बसल्या आणि कालची संध्याकाळ पहिल्यापासून आठवू लागल्या. वात लावली. पाणी फिरवलं. घरात शांत होतं.

शांत होतं!

अपडेट चालू असताना डबा मुकाच असतो. काल टीव्हीचा आवाज नव्हताच. म्हणजे ताटावर बसलेल्या बाईसाठी आवाज बंद करायची काल गरजच नव्हती. हर्षलला ते माहीत होतं. अश्विनीला माहीत होतं. दोघांनी अमजदचं बोलणं ऐकलं होतं, आणि दोघांना कानानं कळत होतं की घर शांत आहे. तरीही कुणीतरी बटन दाबलं.

घर आधीच शांत आहे, हे न कळणारा एकच माणूस ह्या घरात होता.

चांगुणाबाईंनी घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि गोठ्याकडं निघाल्या.

७

आप्पासाहेब गव्हाण साफ करत होते. गोठा त्यांचा. धार त्यांची, गव्हाण त्यांची, त्यात कोणी एक काडी टाकली तरी त्यांना कळायचं. आणि आषाढात तीन संध्याकाळी तिथं भाकरीचे तुकडे आणि कालवलेली आमटी पडली होती.

चांगुणाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना मोठ्यानं बोलता यायचं नाही, कधीच आलं नव्हतं. पण गंमत अशी की सगळ्या घराचं ओरडणं आप्पांना ऐकू जायचं नाही, आणि हिचं हळू बोलणं समजायचं. ते कानानं नव्हे, तिच्या ओठांवरून ऐकायचे.

"अहो. ओसरीवरलं बटन तुमी दाबता व्हय?"

आप्पांनी खराटा खाली ठेवला. नेहमीसारखी मान हलवली नाही.

"कोन म्हनलं?"

"अंगारकीनं सांगितलं."

ते गायीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तीन दिस तू उपाशी झोपलीस. मी बघितलं गव्हानीत."

"मला सांगायचं हुतं."

"तुला? तू म्हनली असतीस, माझ्या नेमाचा जाच पोरास्नी नको. पोरास्नी सांगितलं असतं तर पोरं म्हनली असती, आप्पा, डबा तुमच्यासाठीच आनला न् आता तुमीच बंद करा म्हनता. मंग काय करनार? तू पानी फिरवलं की मी बटन दाबायचो. हात धुवायला उठलीस की पुना दाबायचो. कुनाचं काय बिघडतंय?"

"आन् वर आरडाओरडा करायचा?"

"त्ये करावंच लागतं." आप्पा जरा हसले. "न्हाईतर संशय नसता आला?"

चांगुणाबाईंना हसावं की रडावं कळेना. महिनाभर त्या देवीचे उपकार मानत होत्या, आणि उपकार करणारा खिडकीबाहेर बाजेवर बसून टकामका बघत होता. आपला नेम ह्यानं मोडला की राखला, हेही त्यांना उमजेना. तो विचार त्यांनी बाजूला ठेवला. तो देवापुढं बसून करायचा होता. आत्ता घड्याळ पुढं सरकत होतं.

"काल अमजदनं काय सांगितलं तुमाला, ओसरीवर?"

"कायतरी बोलला खरं. मी मान हलवली."

"त्यो म्हनला, वीस मिन्टं बटन दाबू नका. दाबलं तर डबा मरंल."

आप्पासाहेबांचा हात गायीच्या पाठीवरच थांबला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं.

"म्हंजी मीच मारला?"

चांगुणाबाईंनी मान डोलावली.

"आन् त्या अब्दुलच्या पोरावर—"

"आज पाचला त्याची पिशवी जमा हुनार. हलगर्जी म्हनून."

आप्पा खुंटीजवळच्या दगडावर बसले. सत्तरीतला माणूस. आयुष्यात कुणाला "चुकलं" म्हटलेलं नाही. बैल चुकले, पाऊस चुकला, सोसायटीचा सेक्रेटरी चुकला, पण आप्पासाहेब नाहीत.

"पोरं हसतील," ते म्हणाले. "म्हनतील, भैऱ्या म्हाताऱ्यानं स्वताचाच डबा मारला. सून हसंल. गावात सांगतील."

"मी कुनाला सांगनार न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमी माझ्या घासासाठी केलं. माझ्या तोंडून तुमचं नाव निघनार न्हाई. पन त्या पोराला मी सांगितलंय, पाचच्या आत खरं शोधते म्हनून. आता तुमीच सांगा, मी त्याला काय सांगू?"

आप्पासाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. चांगुणाबाईंनी जितकं बोलायचं तितकं बोलून झालं होतं. त्या ओठ मिटून उभ्या राहिल्या.

"त्याला सांग," आप्पा म्हणाले, "सेंटरवर थांब म्हनावं. पाचच्या आत मानूस येतोय. शब्द हाय माझा."

चांगुणाबाईंनी घरात जाऊन दोनदा बोट फिरवून अमजदला फोन लावला आणि तेवढंच सांगितलं. कोण येतंय, हे त्यानं तीनदा विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

अडीचला हर्षल जेवून आडवा झाला. अश्विनी गणितं सोडवत होती. चांगुणाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. तिथून ओसरी दिसत होती.

आप्पासाहेबांनी धुवट सदरा घातला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. कपाटातून डब्याचं बिल काढलं. तक्रार कुणीही टाकली असली तरी बिल त्यांच्या नावावर होतं, सही त्यांचीच चालणार होती. मग बाजेवर बसून, बिल गुडघ्यावर धरून, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ते काहीतरी लिहू लागले. चौथी शिकलेला हात. एकेक अक्षर बोराएवढं. काउंटरवरचा माणूस काय विचारतोय हे आपल्याला ऐकू येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. चार माणसांत "काय? काय?" करायला नको म्हणून श्रीरामपूरला जायचं त्यांनी दोन वर्षांपासून सोडून दिलं होतं.

लिहून झालं तसं त्यांनी कागद लांब धरून वाचला. खिडकीतून चांगुणाबाईंनाही तो वाचता आला.

*बटन मी बंद केलं. पोराची चूक नाही. मला ऐकू येत नाही. काय विचारायचं ते लिहून विचारा.*

खाली सही. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. कोपऱ्यातली छत्री घेतली. माजघराच्या दाराकडं एकदा पाहिलं, आतून कुणी बाहेर आलं नव्हतं. मग चपला हातात धरून ओसरीच्या पायऱ्या उतरले, फाटकाबाहेर जाऊन पायात घातल्या, आणि साडेतीनची श्रीरामपूर गाडी गाठायला स्टँडच्या वाटेला लागले.